शेरा

माझी खोली म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाची खोली.
पोत्यांच्या थप्पीला टेकवलेलं टेबल, दोन खुर्च्या,
उंदरांनी कडा कुरतडलेली नोंदवही.
सात रकाने. सातवा : शेरा.

पोरं दारातनं डोकावून विचारतात,
"बाई, आत कोण रडाय आलंय?"
मी म्हणते, कुणी नाही, वजन करायला आलेत.
तांदळाचा काटा समोर असतोच.
रडून झालेलं पोर बाहेर जाऊन सांगतं, "एकवीस किलो."

विट्याच्या पुढं हा सगळा भाग गलाईवाल्यांचा.
आडनावं नंतर, आधी शहरं :
हे कोईमतूरवाले, ते गुवाहाटीवाले,
पाण्याच्या टाकीजवळ त्रिशूरवाले.
नवी घरं, पितळी कड्या, कड्यांना कुलपं.
सोनं तिकडं वितळतं,
पोरं इकडं घट्ट होत जातात.

धैर्यशील बाबुराव मंडले, इयत्ता चौथी.
दिवाळीनंतर दाखल. सोबत आत्या, एक बॅग,
आणि मल्याळममधला दाखला,
जो क्लार्कनं नुसता शिक्का बघून फाईलला लावला.
शिकलगार सर म्हणाले,
"नावात धैर्य, आन् फळ्यापुढं उभं केलं की चड्डी ओली.
तोंडच उघडत न्हाय बगा."
सर वाईट नाहीत.
दोन वर्ग आहेत त्यांच्याकडे, आणि मतदारयाद्या.

गृहभेट. हेतू : गैरहजेरी.
आत्या शेणाचा हात धुऊन आली, चहा टाकला.
"याची आई?"
तिनं साखर जरा जास्तच वेळ ढवळली.
"तिकडंच हाय," म्हणाली. "तिकडंच ऱ्हाणार आता."
मी लिहिलं, आई,
आणि पुढची रेघ कागदाच्या कडेपर्यंत ओढत नेली.

सापडला तो स्टँडच्या मागं,
दक्षिणेकडच्या ट्रॅव्हल्स लागतात तिथं.
दप्तर मांडीवर. डोळे पाट्यांवर.
प्रशिक्षणात सांगितलं होतं,
मुलाच्या नजरेच्या उंचीवर या.
मी फुटक्या कट्ट्यावर बसले.
साडीला ऑइल लागलं, ते अजून निघालेलं नाही.

एक गाडी आली, त्याचे ओठ हलले.
"ओन्न."
दुसरी. "रण्ड."
मी काही विचारलं नाही.
तिसऱ्या गाडीला मी म्हणाले, तीन.
त्यानं माझ्याकडे बघितलं,
जसं शिकलगार सर त्याच्याकडे बघतात,
आणि सावकाश, ढ पोराला सांगावं तसं म्हणाला,
"मून्न."

सगळ्याच गोष्टी अशा होत नाहीत.
नववीतल्या प्राजक्ता तांबवेकरची सुपारी फुटली होती,
मी ग्रामसेवकांना घेऊन गेले, लग्न थांबलं.
मांडवाचे बांबू आठवडाभर दारात पडून होते.
आता ती मला बघून रस्ता बदलते.
तिच्या चुलत्यानं मुख्याध्यापकांना विचारलं,
या बाईंना स्वतःचं घर नाही का?
आहे. भाड्याचं.
अकरा महिन्यांच्या करारावर, माझ्या नोकरीसारखंच.

सांगलीहून वरिष्ठ आले.
रुमालानं खुर्ची झटकून बसले.
"केसेस किती? निकाली किती?"
मी काट्याकडे बघत राहिले.
"मंडलेचं काय? बोलतो का आता?"
वर्गात नाही, सर.
"मग हा रकाना कोरा का?"

ते गेल्यावर पेन उघडलं.
शाळा सुटलेली, पोत्यांमागं खुडखुड,
बाहेर कुणीतरी हँडपंप नुसताच हापसत होतं.
लिहिलं :

विद्यार्थी मोजतो.
सहापर्यंत मलाही येतं.
सातला माझी जीभ वळत नाही, तो हसतो.
पुढील भेट : शुक्रवार, साडेपाच, स्टँडमागे.